लिनक्स कर्नेलमधला जुना बिल्ड-पर्याय निवृत्त करताना: नवोदितांसाठी मार्गदर्शन

लिनक्स कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, स्वतः बिल्ड करू (सोर्स कोडमधून तयार करू) पाहणाऱ्याला 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा दिल्यावर पर्यायांची लांबलचक यादी दिसते. तिच्यात काल-परवा लिहिलेल्या ड्रायव्हरपासून नव्वदच्या दशकातल्या उपकरणांपर्यंत हजारो नोंदी शेजारी शेजारी नांदत असतात. यांतला प्रत्येक पर्याय कोणीतरी कधीतरी गरज पाहूनच घातलेला असतो, पण गरज संपली म्हणून तो आपोआप जात नाही. तो राहतो, त्याच्या अटी राहतात, आणि आजूबाजूचा कोड बदलणाऱ्या प्रत्येकाला 'हा पर्याय चालू असेल तर काय' आणि 'बंद असेल तर काय' या दोन्ही शक्यता तपासत बसावे लागते. म्हणून असे पर्याय वेळोवेळी डेप्रिकेट करणे, म्हणजे आधी कालबाह्य जाहीर करून काही काळाने काढून टाकणे, हे कर्नेलच्या देखभालीतले नेहमीचे आणि आवश्यक काम आहे.

मुंबईत अभियांत्रिकी शिकणारे आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी मुक्त सॉफ्टवेअरसाठी वेळ काढणारे अनेक जण एक-दोन शुद्धलेखनाच्या किंवा टिप्पणीतल्या दुरुस्त्या पाठवतात आणि मग पुढे काय करावे या प्रश्नावर अडतात. त्यांच्यासाठी हे काम चांगले आहे, कारण ते करताना केकॉन्फिगची (पर्यायांच्या नोंदी लिहिण्याची) भाषा, मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल), सी भाषेतला कोड, बिल्डची चाचणी आणि मेन्टेनरांशी, म्हणजे कर्नेलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांशी, पत्रव्यवहार या सगळ्यांतून एकदा जावे लागते. ओळी काढणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरी जबाबदारी आहे ती त्या पर्यायावर विसंबून असलेल्या माणसाला, त्याचे यंत्र बंद पडण्याच्या आधी, ही गोष्ट कळेल याची तजवीज करण्याची. हा माणूस बहुधा मेलिंग लिस्ट वाचत नाही. साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात जुन्या सीरियल कार्डावर चालणारे मापनयंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ कर्नेलच्या चर्चेत कधीच उतरणार नाही. त्याला फक्त एवढेच दिसेल की नवा कर्नेल बसवल्यावर यंत्र दिसेनासे झाले. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या माणसाला समोर ठेवून लिहिल्या आहेत.

एक सूचना आधीच करतो. या लेखात आज्ञांची आणि पर्यायांची नावे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती मूळ रोमन अक्षरांत टंकावीत. आज्ञा लहान लिपीत आणि पर्यायांची नावे मोठ्या लिपीत असतात.

तयारी

कर्नेलचे भांडार गिटने पूर्ण क्लोन करावे. वेळ आणि डेटा वाचवण्यासाठी फक्त शेवटची आवृत्ती उतरवणारा उथळ क्लोन या कामाला उपयोगी पडत नाही, कारण पर्याय कधी आला, का आला आणि कोणी आणला हे पाहण्यासाठी इतिहास हाताशी लागतो. डाउनलोड काही गिगाबाइटचे आहे. घरचे कनेक्शन अधूनमधून तुटत असेल तर महाविद्यालयातल्या किंवा कार्यालयातल्या नेटवर्कवर, अर्थात परवानगी घेऊन, ते एकदाच उतरवून घ्यावे. उबुंटू किंवा डेबियनवर जीसीसी आणि मेक यांच्याबरोबर फ्लेक्स, बायसन, बीसी आणि ओपनएसएसएल व लिबएल्फ यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस लागतात. सगळे ड्रायव्हर मॉड्यूल (गरजेनुसार कर्नेलला जोडता येणारे वेगळे तुकडे) म्हणून बिल्ड करायचे झाल्यास डिस्कवर कित्येक गिगाबाइट जागा मोकळी हवी आणि साध्या लॅपटॉपवर त्याला कित्येक तास लागतात, तेव्हा ते रात्री लावून ठेवावे. टर्मिनलचीच सवय नसलेल्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे मराठी धडे आधी पाहावेत.

पर्याय नेमका कुठे कुठे राहतो

जुन्या पर्यायाला हात लावण्याआधी त्याची घडण समजली पाहिजे. केकॉन्फिग नावाच्या फायलींत 'कॉन्फिग' या शब्दाने पर्यायाची नोंद सुरू होते. तिथे त्याचा प्रकार असतो: 'बूल' म्हणजे फक्त चालू किंवा बंद, आणि 'ट्रायस्टेट' म्हणजे चालू, बंद किंवा मॉड्यूल. वापरकर्त्याला दिसणारा मजकूर म्हणजे प्रॉम्प्ट. 'डिपेन्ड्स ऑन' या ओळीत अटी असतात, 'सिलेक्ट' या ओळीने तो पर्याय दुसऱ्या पर्यायाला सक्तीने चालू करतो, 'डिफॉल्ट' म्हणजे कोणी काही निवडले नाही तर घ्यायची किंमत, आणि शेवटी 'हेल्प'खाली माहिती. वापरकर्त्याने केलेली निवड डॉट-कॉन्फिग या फायलीत साठते. तिथून मेकफाइल ठरवते की कोणती सी फाइल बिल्डमध्ये घ्यायची, आणि सी कोडमध्ये तोच पर्याय 'कॉन्फिग' या उपसर्गासह मॅक्रो म्हणून दिसतो.

आता या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. केकॉन्फिग अनोळखी नावांबाबत गप्प राहते. डॉट-कॉन्फिगमध्ये असा एखादा पर्याय असेल जो नव्या कर्नेलमध्ये उरलेलाच नाही, तर 'मेक ओल्डकॉन्फिग' किंवा 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' (जुनी डॉट-कॉन्फिग नव्या कर्नेलशी जुळवणाऱ्या आज्ञा) चालवल्यावर ती ओळ कोणताही इशारा न देता नाहीशी होते. दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरच्या नोंदीत 'डिपेन्ड्स ऑन' पुढे काढून टाकलेल्या पर्यायाचे नाव राहिले असेल, तर त्या नावाची किंमत 'नाही' अशी धरली जाते आणि तो संपूर्ण ड्रायव्हर मेन्यूतून अदृश्य होतो. बिल्ड मात्र सुरळीत पार पडते. 'सिलेक्ट'पुढे असे मेलेले नाव राहिले तर ती ओळ नुसती निष्फळ होते. अटीत नकारार्थी चिन्हासह राहिले तर अट कायमची पूर्ण झालेली मानली जाते. या तिन्ही प्रसंगांत कंपायलर एक अक्षर बोलत नाही. म्हणूनच 'बिल्ड झाले, म्हणजे काम बरोबर झाले' हा समज या कामात धोक्याचा आहे.

कोणता पर्याय निवडावा

नवोदिताने मेमरी व्यवस्थापन, शेड्युलर किंवा फाइल-सिस्टीम यांच्या गाभ्यातला पर्याय प्रथमच हाताळू नये. एखाद्या उपविभागातला असा पर्याय शोधावा ज्याचा मूळ हेतू संपला आहे किंवा ज्याचे काम दुसरा पर्याय अधिक चांगले करतो आहे.

हेतू संपल्याचे जुने आणि बोलके उदाहरण म्हणजे कॉन्फिग_एक्सपेरिमेंटल. प्रयोगावस्थेतल्या सुविधा सामान्य वापरकर्त्यापासून दूर ठेवण्यासाठी तो होता. परंतु इतक्या आवश्यक गोष्टी त्याच्या आड जाऊन बसल्या की डिस्ट्रिब्युशनना (उबुंटू, डेबियनसारख्या तयार लिनक्स संचांना) तो चालूच ठेवावा लागे, आणि जो पर्याय सर्वत्र चालूच असतो तो काहीच सांगत नाही. २०१२ आणि २०१३ मध्ये त्यावर अवलंबून असलेल्या ओळी उपविभागागणिक काढत काढत तो हटवला गेला.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण स्लॉबचे. कर्नेलला लहान लहान मेमरीचे तुकडे वाटून देणारे तीन ॲलोकेटर अनेक वर्षे शेजारी होते: स्लॅब, स्लॉब आणि २००७ मध्ये आलेला स्लब. स्लॉब फार थोडी मेमरी असलेल्या उपकरणांसाठी होता. तीन ॲलोकेटर असल्याने मेमरीच्या कोडमधल्या प्रत्येक सुधारणेचा तीनदा विचार करावा लागे. शेवटी ६.२ या आवृत्तीत स्लबचीच कमी मेमरीत चालणारी 'स्लब टायनी' ही तऱ्हा आणली गेली, आणि त्याच आवृत्तीत स्लॉब कालबाह्य जाहीर झाला. पर्यायी सोय आधी उभी करून मगच जुनी मोडायची हा क्रम इथे नीट पाहून ठेवावा. तुम्ही निवडलेल्या पर्यायाला बदली नसेल, तर तुमचे पहिले काम डेप्रिकेट करण्याचे नसून ती बदली तयार करण्याचे किंवा तिची गरज उरलेली नाही हे दाखवण्याचे आहे.

फक्त 'जुना आहे' हे कारण मेन्टेनर मान्य करत नाहीत आणि करूही नये. जुना पण न कुरकुरता चालणारा, कोणाच्याही वाटेत न येणारा ड्रायव्हर राहू द्यावा.

सगळ्या पाऊलखुणा गोळा करणे

'गिट ग्रेप' ने पूर्ण भांडारात नाव शोधावे, पण दोनदा: एकदा 'कॉन्फिग_' या उपसर्गासह आणि एकदा त्याविना. केकॉन्फिगच्या फायलींत नाव उपसर्गाविना लिहितात, तर मेकफाइल, सी कोड आणि डेफकॉन्फिग (एखाद्या बोर्डासाठी किंवा आर्किटेक्चरसाठी आधीच ठरवलेल्या निवडींची फाइल) यांत उपसर्गासह. पूर्ण शब्दच जुळावा यासाठी या आज्ञेला डब्ल्यू ही खूण द्यावी, अन्यथा लहान नावांसाठी शेकडो असंबद्ध ओळी हाती येतात. पर्याय ट्रायस्टेट असेल तर सी कोडमध्ये '_मॉड्यूल' हा प्रत्यय लागलेले रूपही शोधावे. काही ठिकाणी मॅक्रोच्या साह्याने नावाचे दोन तुकडे जोडून पर्यायाचे नाव तयार केलेले असते. असे नाव कोणत्याही शोधात सापडत नाही, म्हणून त्या उपविभागातला कोड एकदा डोळ्यांखालून घालणे अपरिहार्य आहे.

सापडलेल्या ओळींची विभागणी करून ठेवावी. पर्यायाची मूळ नोंद, त्यावर अवलंबून असलेल्या नोंदी, त्याला सिलेक्ट करणाऱ्या नोंदी, मेकफाइलच्या ओळी, सी कोडमधल्या अटी, 'आर्च' फोल्डरखालच्या प्रत्येक आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकाराच्या) डेफकॉन्फिग फायली, सेल्फटेस्टच्या फोल्डरांत असलेल्या लहान कॉन्फिग फायली, आणि डॉक्युमेंटेशन. नवोदितांकडून बहुतेक वेळा शेवटच्या तीन जागा सुटतात. डेफकॉन्फिग सर्वांत जास्त जपून पाहाव्यात, कारण एखाद्या बोर्डाच्या डेफकॉन्फिगमध्ये तो पर्याय मुद्दाम चालू केलेला असणे ही कोणालातरी तो हवा होता याची लेखी खूण आहे. स्लॉबच्या वेळी आर्म आणि इतर काही आर्किटेक्चरच्या डेफकॉन्फिग फायली बदलाव्या लागल्या होत्या.

मग इतिहासाकडे वळावे. 'गिट लॉग' या आज्ञेला मोठा एस ही खूण आणि नाव दिले की ते नाव ज्या ज्या कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) आले किंवा गेले त्या सगळ्या दिसतात. सर्वांत जुनी कमिट संपूर्ण वाचावी. पर्याय घालणाऱ्याने तेव्हा कोणत्या उपकरणाचा किंवा कोणत्या अडचणीचा उल्लेख केला होता हे तिथे मिळते, आणि ती अडचण आज उरली आहे का, याचे उत्तर तुमच्या पॅचच्या (पाठवायच्या बदलाच्या) वर्णनात लागणार असते.

वापरणारे आहेत का

या पायरीला कोणतेही साधन पुरेसे नाही आणि तरीही हिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात सोपी आहे. तुमच्या स्वतःच्या संगणकावर 'बूट' फोल्डरमध्ये चालू कर्नेलची कॉन्फिग फाइल असते. तिच्यात तो पर्याय चालू आहे का ते पाहावे. डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि आर्च लिनक्स यांच्या कर्नेल पॅकेजांची कॉन्फिग कोणालाही पाहता येते. ओपनडब्ल्यूआरटीसारखे राउटरसाठीचे प्रकल्प आणि बिल्डरूट व योक्टो यांसारखी एम्बेडेड (उपकरणांतच बसवलेल्या) लिनक्सच्या बिल्डची साधने विसरू नयेत, कारण डेस्कटॉपवर मेलेला पर्याय राउटरमध्ये जिवंत असण्याची शक्यता बरीच असते.

यापुढचे वापरकर्ते कुठल्याच सार्वजनिक फायलीत नसतात, आणि इथे मुंबईत राहण्याचा खरा फायदा आहे. जुन्या हार्डवेअरशी संबंधित पर्याय असेल तर लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन यावे. जुनी पॅरलल पोर्टची आणि सीरियल पोर्टची कार्डे मागायला कोण येते, हे तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या दुकानदाराला विचारावे. अंधेरीच्या एमआयडीसीत किंवा साकीनाक्याच्या गाळ्यांत यंत्रदुरुस्ती करणारा कोणी ओळखीचा असल्यास त्यालाही विचारावे: 'दादा, या मशीनवर लिनक्स चालते का, आणि ते शेवटचे कधी बदलले?' उत्तर बहुधा 'बसवल्यापासून हात लावलेला नाही' असे येईल, आणि त्यातही माहिती आहे. जे यंत्र कधीच नवा कर्नेल घेणार नाही त्याला पर्याय काढल्याने काहीही होत नाही. जे दर दोन-तीन वर्षांनी अद्ययावत केले जाते त्याच्या मालकाला मात्र आधी सूचना मिळणे अत्यावश्यक आहे. असा एक जरी वापर सापडला तरी त्याचे साधे वर्णन, व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव न देता, पॅचच्या चर्चेत मांडावे. मेन्टेनरांपर्यंत अशी माहिती क्वचित पोहोचते.

कोणी सापडले नाही, तर कोणी नाहीच असे सिद्ध होत नाही. त्यासाठीच पुढची पायरी आहे.

सूचना कशी द्यावी

डेप्रिकेट करण्याचे काही मार्ग आहेत आणि त्यांची ताकद वेगवेगळी आहे.

सर्वांत सौम्य मार्ग म्हणजे प्रॉम्प्टमध्ये आणि हेल्पमध्ये पर्याय कालबाह्य असल्याचे लिहिणे. हेल्पचा मजकूर काळजीपूर्वक लिहावा: हा पर्याय जाणार आहे, त्याऐवजी काय वापरावे, आणि तो तुम्हाला हवाच असेल तर कोणाला कळवावे. स्लॉबच्या हेल्पमध्ये या तिन्ही गोष्टी होत्या. १६ मेगाबाइट किंवा त्याहून कमी मेमरी असेल तर स्लब टायनीचा विचार करा असे सांगून, ज्यांना स्लॉब राहावा असे वाटते त्यांनी आपला उपयोग कळवावा म्हणून मेलिंग लिस्टचा पत्ता दिलेला होता. नमुना म्हणून तो मजकूर जरूर वाचावा. अडचण एवढीच की ज्याची डॉट-कॉन्फिग आधीच तयार आहे तो हेल्प उघडतच नाही.

म्हणून दुसरा मार्ग नाव बदलण्याचा. कॉन्फिग_स्लॉबचे नाव कॉन्फिग_स्लॉब_डेप्रिकेटेड असे केले गेले. जुन्या डॉट-कॉन्फिगमधले नाव त्यामुळे अनोळखी ठरले आणि 'मेक ओल्डकॉन्फिग' चालवणाऱ्याला ॲलोकेटर निवडण्याचा प्रश्न नव्याने विचारला गेला. केकॉन्फिगचा जो मुकेपणा एरवी घातक ठरतो तोच इथे सूचना देण्यासाठी वापरला आहे. मात्र 'ओल्डडेफकॉन्फिग' चालवणाऱ्यांना प्रश्न दिसत नाही. ते मुकाट डिफॉल्टवर, म्हणजे स्लबवर, जातात. त्यामुळे हा मार्ग डिफॉल्टवर गेल्याने यंत्र बंद पडणार नसेल तेव्हाच योग्य आहे.

तिसरा मार्ग कर्नेल चालू असताना सूचना देण्याचा. पर्यायामुळे मिळणारी सुविधा प्रत्यक्ष वापरली गेली की डीमेसेजच्या, म्हणजे कर्नेलच्या संदेशांच्या, नोंदींत एकदाच इशारा छापायचा. रायझर-एफएस ही फाइल-सिस्टीम २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीत कालबाह्य जाहीर झाली तेव्हा ती माउंट करताना, ही फाइल-सिस्टीम २०२५ मध्ये कर्नेलमधून काढली जाणार असल्याचा इशारा येऊ लागला. ज्याने कर्नेल स्वतः बिल्ड केलेला नाही, डिस्ट्रिब्युशनचा तयार घेतला आहे, अशा माणसापर्यंत पोहोचणारा हा एवढाच मार्ग आहे. इशाऱ्यात वर्ष किंवा आवृत्ती स्पष्ट असावी; 'लवकरच' हा शब्द वापरू नये.

'डिपेन्ड्स ऑन ब्रोकन' ही ओळ घालणे हा सर्वांत कडक मार्ग. 'ब्रोकन' या पर्यायाला प्रॉम्प्टच नाही, त्यामुळे तो मेन्यूतून चालू करता येत नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेली नोंद दिसेनाशी होते. कोड भांडारात राहतो, पण वापरकर्त्याच्या दृष्टीने पर्याय गेलेला असतो, तोही कोणताही इशारा न देता. जो कोड खरोखरच बिल्ड होत नाही त्याच्यासाठीच तो ठेवावा.

कधी पर्याय जात नसतो, त्याचे फक्त नाव बदलत असते. अशा वेळी वापरकर्त्याची जुनी निवड नव्या नावावर आपोआप जाणे महत्त्वाचे. यात एक बारीक मेख आहे: प्रॉम्प्ट नसलेल्या पर्यायाची डॉट-कॉन्फिगमधली किंमत केकॉन्फिग विचारात घेत नाही. म्हणजे जुन्या नावाचा प्रॉम्प्ट काढला आणि नव्या नावाला 'डिफॉल्ट' म्हणून जुने नाव दिले, तरी जुनी निवड पुढे जात नाही. ईएक्सटी३चा स्वतंत्र कोड २०१५ मध्ये काढला आणि ते काम ईएक्सटी४च्या ड्रायव्हरकडे दिले, तेव्हा जुना पर्याय प्रॉम्प्टसह ठेवून त्याने ईएक्सटी४ला सिलेक्ट करावे अशी सोय केली गेली. २०२५ मध्ये केकॉन्फिगमध्ये 'ट्रान्झिशनल' हा नवा शब्द आला. तो लावलेल्या नोंदीची किंमत जुन्या डॉट-कॉन्फिगमधून वाचली जाते, पण नव्या डॉट-कॉन्फिगमध्ये लिहिली जात नाही. कॉन्फिग_सीएफआय_क्लँगचे नाव कॉन्फिग_सीएफआय करताना हा उपाय वापरला गेला. सीएफआय हे सुरक्षेचे संरक्षण आहे. नुसत्या नामांतरामुळे ते कोणाच्या तरी कर्नेलमधून गुपचूप बंद झाले असते, तर झालेले नुकसान कोणाच्या लक्षातही आले नसते.

किती काळ थांबावे

कर्नेलची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते, म्हणून 'दोन आवृत्त्या थांबलो' म्हणजे पाच महिनेही नव्हेत. एम्बेडेड क्षेत्रातले लोक मात्र बहुधा एका दीर्घकालीन (कित्येक वर्षे दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या) आवृत्तीवरून थेट पुढच्या दीर्घकालीन आवृत्तीवर जातात, आणि त्यांच्या दृष्टीने मधल्या आवृत्त्या अस्तित्वातच नसतात.

याचा परिणाम प्रत्यक्ष उदाहरणांत पाहता येतो. स्लॉब ६.२ मध्ये कालबाह्य जाहीर झाला आणि ६.४ मध्ये काढला गेला. त्या सुमाराच्या दीर्घकालीन आवृत्त्या ६.१ आणि ६.६ होत्या. म्हणजे ६.१ वरून ६.६ वर उडी घेणाऱ्याला 'डेप्रिकेटेड' हा शब्द कधी दिसलाच नाही. स्लॅब ६.५ मध्ये कालबाह्य ठरला आणि ६.८ मध्ये गेला, त्यामुळे ६.६ मध्ये सूचना उपलब्ध होती. रायझर-एफएसचा इशारा ६.१, ६.६ आणि ६.१२ अशा तीन दीर्घकालीन आवृत्त्यांत राहिला आणि मग २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ६.१३ मध्ये ती हटवली गेली.

या तिन्हींत अवधी वेगळा आहे आणि तो तसाच असणे बरोबर आहे. स्लॉब गेला तरी कर्नेल स्लबवर चालू राहतो, थोडी मेमरी जास्त लागते इतकेच. फाइल-सिस्टीम गेली की डिस्कवरची माहितीच उघडत नाही. पर्याय गेल्याने वापरकर्त्याचे काय अडेल हे पाहून अवधी ठरवावा. हार्डवेअर किंवा साठवलेली माहिती हाताबाहेर जाणार असेल तर किमान एका दीर्घकालीन आवृत्तीत सूचना असलीच पाहिजे, असे माझे मत आहे, आणि पॅचच्या वर्णनात तसे स्पष्ट सुचवायला नवोदिताने संकोचू नये.

बदल करणे आणि तपासणे

आता प्रत्यक्ष पॅच. एकच मोठा बदल न करता मालिका करावी. आधी अवलंबून असलेल्या नोंदी आणि डेफकॉन्फिग नव्या पर्यायाकडे वळवणारे पॅच, आणि शेवटी कालबाह्यतेची खूण करणारा पॅच. मालिकेतल्या प्रत्येक टप्प्यावर कर्नेल बिल्ड झालाच पाहिजे, कारण नंतर कोणी दोष शोधण्यासाठी 'गिट बायसेक्ट' चालवेल तेव्हा तो मधल्या कोणत्याही कमिटवर जाऊन उभा राहू शकतो.

तपासणी तीन अंगांनी करावी. एक, 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधली चेक-केकॉन्फिग-सिम्बॉल्स ही पायथन स्क्रिप्ट, जी नोंद नसलेल्या नावांचे उरलेले उल्लेख शोधते. तिला दोन कमिटमधला फरकही तपासायला सांगता येतो. दुसरे, जुन्या डॉट-कॉन्फिगचा प्रवास. पर्याय चालू असलेली जुनी डॉट-कॉन्फिग घ्यावी, तिची प्रत ठेवावी, नव्या कोडवर 'ओल्डडेफकॉन्फिग' चालवावे आणि 'स्क्रिप्ट्स' मधल्या 'डिफकॉन्फिग'ने दोन्हींतला फरक पाहावा. या फरकातली प्रत्येक ओळ तुम्हाला समजली पाहिजे. अपेक्षेबाहेरचा एखादा ड्रायव्हर नाहीसा झाला असेल तर तो इथेच पकडला जातो. अलीकडच्या कर्नेलमध्ये अनोळखी नावांबद्दल इशारा देणारे केकॉन्फिगचे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही आहे. ते चालू करून हीच आज्ञा पुन्हा द्यावी. तिसरे अंग बिल्डचे: ऑल-मॉड-कॉन्फिग (शक्य ते सगळे मॉड्यूल म्हणून), ऑल-नो-कॉन्फिग (शक्य ते सगळे बंद) आणि काही रँड-कॉन्फिग (यादृच्छिक निवड), तसेच डेफकॉन्फिग बदललेल्या आर्किटेक्चरसाठी क्रॉस-कंपायलर वापरून बिल्ड. लॅपटॉप लहान असेल तर ऑल-मॉड-कॉन्फिग एकदाच करावे आणि बाकीच्या वेळी फक्त संबंधित फोल्डर बिल्ड करावे.

पाठवणे आणि उत्तरे देणे

पॅचची मांडणी तपासणारे 'चेकपॅच' चालवावे, 'गेट-मेन्टेनर' या स्क्रिप्टने कोणाला पाठवायचे ते काढावे आणि 'गिट सेंड-ईमेल' ने मालिका पाठवावी. काही संस्थांच्या नेटवर्कवर मेल पाठवण्याचे पोर्ट अडवलेले असते. तसे आढळल्यास मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवावे. पहिल्या मालिकेच्या विषयाला 'आरएफसी' अशी खूण करावी, म्हणजे हा प्रस्ताव आहे आणि मते हवी आहेत हे सर्वांना कळते. प्रत्येक पॅचखाली स्वतःच्या नावाची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ आवश्यक आहे.

वर्णनात काय लिहिले आहे यावर बरेच काही ठरते. पर्याय कधी आणि का आला, आज त्याची जागा कोणी घेतली आहे, तुम्ही वापरकर्ते कुठे कुठे शोधले, कोण सापडले आणि काढायचा प्रस्तावित अवधी कोणता, हे सलग आणि साध्या इंग्रजीत लिहावे. 'कोणी वापरत नाही' असे विधान करू नये. 'अमुक डिस्ट्रिब्युशनांत आणि अमुक डेफकॉन्फिगमध्ये पाहिले, तिथे चालू नाही' असे लिहावे, कारण ते दुसऱ्याला तपासता येते.

वेळेचे गणितही लक्षात घ्यावे. मुंबईतून दुपारी पाठवलेली मेल युरोपातल्या मेन्टेनरांना सकाळी मिळते, तर अमेरिकेतली उत्तरे आपल्याकडे रात्री उशिरा येतात. रात्री आलेल्या टीकेला रात्रीच उत्तर देण्याची घाई करू नये. लोकलमध्ये बसून मोबाइलवरून उत्तर देण्याचा मोहही टाळावा: जीमेलच्या मोबाइल ॲपमधून जाणारी मेल एचटीएमएल स्वरूपात असते आणि कर्नेलच्या मेलिंग लिस्ट अशी मेल स्वीकारत नाहीत, त्यामुळे तुमचे उत्तर फक्त एका माणसाला मिळते आणि चर्चेच्या नोंदीत राहत नाही. नवी आवृत्ती आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे मर्ज विंडोच्या काळात, मेन्टेनर गुंतलेले असतात. पहिला रिलीज कँडिडेट (चाचणीसाठीची आवृत्ती) आल्यावर पाठवणे बरे. पाठवल्यानंतर कर्नेल टेस्ट रोबोटची मेल आली तर ती आधी वाचावी. तुम्ही न तपासलेल्या आर्किटेक्चरवर बिल्ड मोडल्याचे बहुधा तोच पहिल्यांदा सांगतो.

'मी हा पर्याय वापरतो' असे उत्तर कोणाकडून आले, तर तुमच्या सूचनेचा हेतू सफल झाला असे समजावे. त्या माणसाला उपकरण कोणते, कर्नेल किती वर्षांनी बदलतो, आणि नव्या पर्यायावर तो काय चाचणी करू शकेल हे विचारावे. अनेकदा तोच पुढे नव्या पर्यायातला राहिलेला दोष दाखवून देतो. कधी मेन्टेनर अवधी वाढवतात, कधी प्रस्ताव पूर्ण थांबतो. दोन्ही निकाल स्वीकारार्ह आहेत.

काढून टाकणे

ठरलेला अवधी संपल्यावर काढण्याची मालिका वेगळी पाठवावी आणि तिच्यात कालबाह्यता जाहीर करणाऱ्या कमिटचा उल्लेख करावा. आधीच्या सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्यात, कारण मधल्या काळात दुसऱ्या कोणीतरी त्याच पर्यायावर अवलंबून असलेला नवा कोड घातलेला असू शकतो. म्हणून हे पॅच 'लिनक्स-नेक्स्ट'वरही, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल एकत्र होतात त्या भांडारावरही, बिल्ड करून पाहावेत. पर्यायाबरोबर त्याचे डॉक्युमेंटेशन, मेन्टेनर्स फायलीतली नोंद आणि फक्त त्याच्यासाठी लिहिलेली मदतनीस फंक्शने हीसुद्धा काढावीत, पण ज्या हेडर फायली युजरस्पेसला (कर्नेलबाहेरच्या प्रोग्रॅमना) निर्यात होतात त्यांना मेन्टेनरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण बाहेरचे प्रोग्रॅम त्या अजूनही वापरत असू शकतात.

पॅच स्वीकारला गेल्यानंतर पुढच्या दोन-तीन आवृत्त्या संबंधित मेलिंग लिस्टवर लक्ष ठेवावे. या काळात एखाद्या गाळ्यातून, राउटर बनवणाऱ्या कारखान्यातून किंवा प्रयोगशाळेतून तक्रार आली, तर पॅच लिहिणारा म्हणून पहिले उत्तर तुम्ही द्यावे: तो कोणत्या दीर्घकालीन आवृत्तीवर राहू शकतो आणि ती कधीपर्यंत सांभाळली जाणार आहे ते सांगावे, नव्या पर्यायाकडे जाण्याची डॉट-कॉन्फिग तयार करून द्यावी, आणि तरीही त्याचे काम अडत असेल तर तुमचाच पॅच उलटवणारा रिव्हर्ट पॅच, कारणासह, तुम्हीच पाठवावा.